नियम कोण मोडतंय?

दुकानात ‘एक कॅडबरी द्या’ म्हणत आपण दुसऱ्याच कंपनीचं चॉकलेट घेतो, इतकं हे नाव मराठीत मुरलंय. १९४८ पासून भारतात असलेला हा ब्रँड फक्त मुलांचा नाही, हे ठसवलं १९९४ च्या क्रिकेटच्या जाहिरातीने. आठवतेय ना? तो षटकार मारतो आणि ती पहारेकऱ्याला चुकवून नाचत मैदानात घुसते.

२०२१ मध्ये कंपनीने भूमिका उलटवल्या: षटकार तिचा, नाच त्याचा. खूप कौतुक झालं, आणि ते योग्यच. पण जाहिरातीकडे संहिता म्हणून बघताना एक साधा प्रश्न विचारून बघा: इथे नियम कोण मोडतंय?

जुन्या जाहिरातीत ती मोडते. भरल्या मैदानात, लोक काय म्हणतील याची फिकीर न करता. नव्या जाहिरातीत ती नियमांत राहून जिंकते आणि बेफिकीर व्हायची मुभा त्याला मिळते. म्हणजे तिला कर्तृत्व मिळालं, पण वेडेपणा गेला. दोन्ही जाहिराती लागोपाठ बघा. समानता म्हणजे नुसती जागांची अदलाबदल नव्हे, हे लगेच जाणवेल. तिने शतकही ठोकावं आणि हवं तेव्हा वेड्यासारखं नाचावंही!