शेती महामंडळ आणि भूमिहीनांचा प्रश्न

‘पुरोगामी महाराष्ट्र’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका सैल झाला आहे की सत्ताधारी आणि विरोधक तो सारख्याच उत्साहाने वापरतात. त्याची परीक्षा भाषणांवरून करण्यात अर्थ नाही. ती जमिनीवरून केली पाहिजे, आणि त्यासाठी फार दूर जायला नको. देवळाली प्रवऱ्याहून नदी ओलांडून श्रीरामपूरकडे गेले की हरेगाव, टिळकनगर हे मळे लागतात. आपल्या राज्याचे भूमिधोरण कोणाला ‘जनता’ समजते हे तेथे स्वच्छ दिसते.

भंडारदरा धरण (१९२६) आणि प्रवरेचे कालवे यांच्या पाण्यावर या भागात साखर कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. ज्यांनी दिल्या ते खंडकरी. पुढे १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला आणि कंपन्यांकडची जमीन शासनाने घेतली. जादा जमीन काढून भूमिहीनाला द्यायची, अशीच या कायद्याची ओळख करून देण्यात आली होती. पण कंपन्यांच्या जमिनींसाठी कायद्यात वेगळी तरतूद होती. सलग मळे मोडले तर उत्पादन घटेल, कारखान्यांना ऊस पुरणार नाही, सबब हे मळे अखंड ठेवावेत, असा तो युक्तिवाद. त्यातून १९६३ साली महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ जन्माला आले.

येथे थोडे थांबले पाहिजे. जमीन राज्याच्या मालकीची असावी, शेती सामुदायिक असावी, हा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात मांडला होता. त्यांच्या योजनेत शेती हा राज्याचा उद्योग होता. पाणी, बी-बियाणे, अवजारे राज्याने पुरवायची. गावातील लोकांनी जातपात न पाहता कसायचे आणि राज्याचे देणे भागवून उरलेले उत्पन्न वाटून घ्यायचे. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूरही नाही. वरवर पाहणाऱ्याला महामंडळ हे त्याच योजनेचे रूप वाटेल. राज्याची मालकी होती, सलग मळे होते, पाणी होते. नव्हता तो फक्त कसणाऱ्याचा हक्क. कंपनीच्या जागी महामंडळ आले, पण मजूर मजूरच राहिला. बाबासाहेबांच्या योजनेतला निम्मा भाग, तोही नोकरशाहीला सोयीचा तेवढाच, उचलला गेला. मग मळे तोट्यात गेले की ‘सरकारी शेती चालत नाही’ असे म्हणायला सगळे मोकळे! चालवून पाहिली होती कोणी?

याच काळात भूमिहीन काही गप्प बसलेला नव्हता. डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह केला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. पडीक जमीन द्या, ही त्यांची मागणी होती. पाटाच्या पाण्याखालची हजारो एकर जमीन महामंडळाच्या हाती होती आणि भूमिहीन मात्र पडीक मागत होता! मळ्यांवर लाल निशाण पक्षाने कामगार संघटित केले, त्यांच्या हक्कांसाठी झुंजार लढे दिले. त्या लढ्यांचे मोल कमी लेखण्याचा हेतू नाही. पण डाव्यांनी मळ्यावरच्या माणसाकडे मुख्यतः मजुरीच्या नात्याने पाहिले आणि आंबेडकरी चळवळीने जमीन गायरानात शोधली. मळ्याची मालकी हा मधला प्रश्न दोघांच्याही हातून निसटला. दलित साहित्यातही गावकुसाबाहेरची वस्ती आली, शहरातली झोपडपट्टी आली. मळ्यावरची चाळ फारशी आली नाही.

तो मधला प्रश्न अखेर खंडकऱ्यांनी सोडवून घेतला. दीर्घ आंदोलनानंतर कायद्यात बदल झाले आणि २०१२ पासून त्यांना जमीन परत मिळू लागली. खंडकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. त्यांत लहान शेतकरीही होते, आणि कंपन्यांनी दिलेला खंड म्हणजे थट्टाच होती. आक्षेप त्यांना जमीन मिळाली याला नाही. जी जमीन तोडल्यास उत्पादन बुडेल असे पन्नास वर्षे सांगितले गेले, ती तुकड्यांनी वाटता येते हे एकदाचे सिद्ध झाले. मग उत्पादनाचे ते कारण खरे कोणासाठी होते? भूमिहीनाने मागितले तेव्हा ‘कार्यक्षमता’ आडवी आली. ज्याच्या आजोबाचे नाव सातबाऱ्यावर होते त्याने मागितले तेव्हा ‘न्याय’ आठवला. मळ्यावर राबून ज्याची हयात गेली त्याच्या वाट्याला यांपैकी एकही शब्द आला नाही. त्याचे नाव हजेरीपटावर होते, आणि हजेरीपट हा काही मालकीचा पुरावा नव्हे.

आता शासनाची दुसरी बाजू पाहा. २००४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना निघाली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन शासनाने विकत घेऊन द्यावी, अशी ही योजना आहे. आधी निम्मी रक्कम कर्जाची होती. २०१८ मध्ये ती पूर्ण अनुदानाची झाली आणि जिरायतीस एकरी पाच लाख, बागायतीस आठ लाख अशी मर्यादा ठरली. नाव दादासाहेबांचे आहे, हेतूही वाईट नाही. पण प्रवरेच्या कालव्याखाली आठ लाखांत एकर देणारा बागायतदार कोणी शोधून दाखवावा. आणि सापडलाच, तरी नवबौद्धाला आपल्या बांधाला बांध लावू देईल काय? ज्या राज्याच्या स्वतःच्या ताब्यात बागायती मळे होते, ते राज्य भूमिहीनाला बाजारात पाठवते, आणि गिऱ्हाईक व दुकानदार यांच्यात जात उभी आहे हे विसरते.

महामंडळाची सगळी जमीन अजून संपलेली नाही. खंडकऱ्यांना देऊन उरलेल्या जमिनीवर अनेकांचा डोळा आहे. शिर्डीजवळची काही जमीन औद्योगिक वसाहतीसाठी देण्याचे २०२३ मध्ये ठरले. मळ्यावरचे जुने कामगार घरापुरती जागा मागत आहेत. उरलेल्या जमिनीचा मळेवार हिशेब काढणे आणि स्वाभिमान योजनेची कुटुंबे आधी तेथेच का बसवू नयेत, असे तहसीलदारापासून मंत्र्यापर्यंत लेखी विचारणे, हे काम या भागातल्या कार्यकर्त्यांना आणि महाविद्यालयातल्या पोरांना या उन्हाळ्यात करता येण्यासारखे आहे.