मुक्त मूलकांकडून सिलिकॉनच्या पृष्ठभागाकडे : डॅनियल वेनर यांच्या संशोधनकार्याची चिकित्सा

प्रस्तावना

एखाद्या शास्त्रज्ञाने आपला अभ्यासविषय मध्येच बदलला, की त्याच्या कार्याचे मूल्यमापन बहुधा दोन तुकड्यांत केले जाते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील रसायनशास्त्रज्ञ डॅनियल वेनर यांच्याबाबतही असे होणे स्वाभाविक आहे. १९८० च्या दशकात त्यांचा विषय होता द्रावणातील क्षणजीवी मुक्त मूलक. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो झाला सिलिकॉनचा पृष्ठभाग. पहिला विषय सेंद्रिय रसायनशास्त्राच्या कक्षेत येतो, तर दुसरा इलेक्ट्रॉनिकीच्या सीमेवरचा मानला जातो. मात्र दुसरा टप्पा हा पहिल्याचाच विस्तार असून त्या विस्ताराचे यश आणि त्याच्या मर्यादा या दोहोंचे मूळ एकाच विचारात आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

ओटावातील परंपरा

अयुग्मित इलेक्ट्रॉन धारण करणारा अणू, रेणू वा रेणूचा अंश म्हणजे मुक्त मूलक. मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० मध्ये ट्रायफेनिलमिथिल मूलकाचे अस्तित्व मांडले, तेव्हा त्रिसंयुजी कार्बनची कल्पना अनेकांना पटली नव्हती. पुढे या शाखेला भक्कम पाया मिळवून देणाऱ्या केंद्रांत ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेचे स्थान मोठे आहे. मूलकांच्या अभिक्रियांवरील मान्यवर ग्रंथाचे कर्ते ई. डब्ल्यू. आर. स्टेसी याच संस्थेतील. मुक्त मूलकांच्या संरचनेवरील कार्यासाठी १९७१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे गेरहार्ड हर्झबर्ग हेही येथीलच. कीथ इन्गोल्ड आणि डेव्हिड ग्रिलर यांनी १९८० मध्ये 'मूलक-घड्याळा'ची संकल्पना सुस्पष्टपणे मांडली. ज्या मूलकाच्या पुनर्रचनेचा वेग ज्ञात आहे, त्याला दुसऱ्या अभिक्रियेशी स्पर्धा करावयास लावून त्या अभिक्रियेचा वेग काढणे, हे तिचे मर्म होय. अभिक्रियेचे केवळ गुणात्मक वर्णन न करता तिची संख्या मिळवावी, हा या परंपरेचा संस्कार होता आणि वेनर यांचे कार्य त्यातूनच उभे राहिले.

क्षणजीवी मूलकांचे मापन

ज्या मूलकाचे आयुष्य मिलिसेकंदांत मोजावे लागते, तो इलेक्ट्रॉन किती सहजतेने देतो वा घेतो हे ठरवायचे कसे? नेहमीच्या विद्युत् रासायनिक पद्धतींनी हा प्रश्न सुटत नव्हता. वेनर आणि ग्रिलर यांनी १९८५ मध्ये त्यावर उपाय सुचवला. प्रकाशझोत ठरावीक वारंवारतेने चालू-बंद केला असता द्रावणातील पेरॉक्साइडचे विघटन त्याच तालात होते आणि मूलकही त्याच तालात निर्माण होतात. विद्युत् अग्रावरील एकूण प्रवाहातून नेमक्या त्या वारंवारतेचा प्रवाह वेगळा काढला, की मूलकाचा ऑक्सिडीकरण वा क्षपण विभव मिळतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांत बेन्झिल मूलकाचा ऑक्सिडीकरण विभव संतृप्त कॅलोमेल अग्राच्या तुलनेत ०.७३ व्होल्ट इतका दिला आहे. हा मूलक पुढे वेगळ्या संदर्भात पुन्हा भेटतो.

अशा विभवांची आम्लता-स्थिरांकांशी सांगड घालून द्रावणातील बंध-ऊर्जा काढण्याची सुटसुटीत रीत वेनर आणि व्हर्नन पार्कर यांनी १९९३ मध्ये मांडली. दुसऱ्या बाजूस, इन्गोल्ड, बर्टन प्रभृती सहकाऱ्यांसह त्यांनी मानवी रक्तद्रवाची पेरॉक्सिल मूलके पकडण्याची एकूण क्षमता मोजली. १९८७ च्या निष्कर्षानुसार या क्षमतेत युरेटचा वाटा ३५ ते ६५ टक्के, प्रथिनांचा १० ते ५० टक्के, ॲस्कॉर्बेटचा ० ते २४ टक्के आणि ई जीवनसत्त्वाचा केवळ ५ ते १० टक्के होता. जीवनसत्त्वांविषयीच्या लोकप्रिय समजुतीला ही आकडेवारी छेद देते. विषय रक्तद्रवाचा असला तरी पद्धत तीच आहे : ज्ञात वेगाने मूलक निर्माण करावेत आणि त्यांचे काय होते ते मोजावे.

दोन टप्प्यांमधील सेतू

सिलिकॉनकडे जाणारी वाटही याच प्रयोगशाळेतून निघाली. ग्रिलर, चातजिलिआलोग्लू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले, की सिलिकॉन अणूला तीन सिलिल गट जोडलेले असतील तर त्यावरील हायड्रोजनचा बंध लक्षणीय दुर्बळ होतो. ट्रायइथिलसिलेनमध्ये हा बंध सुमारे ९० किलोकॅलरी प्रति मोल, तर ट्रिस(ट्रायमिथिलसिलिल)सिलेनमध्ये सुमारे ७९ किलोकॅलरी प्रति मोल असल्याचे आढळले. हे निरपेक्ष आकडे नंतर सुधारून सुमारे ९५ आणि ८४ असे वाढवण्यात आले. परंतु दोहोंतील अंतर जवळपास ११ किलोकॅलरीच राहिले. युक्तिवादाचा भार या अंतरावर असल्याने तो सुधारणेनंतरही टिकून राहिला.

आता सिलिकॉनच्या (१११) पृष्ठभागाचा विचार करावा. बेल प्रयोगशाळेतील हिगाशी, चबाल आदींनी १९९० मध्ये अमोनियम फ्लुओराइडच्या द्रावणाने हा पृष्ठभाग अणुपातळीवर सपाट आणि हायड्रोजनने आच्छादित करण्याची रीत दिली. त्यावरील प्रत्येक सिलिकॉन अणू तीन सिलिकॉन अणूंना आणि एका हायड्रोजनला जोडलेला असतो. म्हणजे रसायनशास्त्रज्ञाच्या दृष्टीने हा पृष्ठभाग वर उल्लेखिलेल्या सिलेनचेच असंख्य वेळा पुनरावृत्त झालेले रूप ठरतो. द्रावणात जी शृंखला अभिक्रिया घडते ती येथेही घडावी, ही अपेक्षा या साम्यातून निर्माण होते.

पृष्ठभागावरील शृंखला

सिलिकॉनवर अल्किल गटांचा एकरेणवीय थर सहसंयुज बंधाने बसवण्याचे श्रेय लिनफर्ड आणि चिडसे यांचे (१९९३). १९९५ मध्ये त्यांनीच या अभिक्रियेसाठी मूलक-शृंखलेची यंत्रणा सुचवली. बुखेरूब व वेनर यांच्या गटाने १९९९ मध्ये अल्कीन, ग्रिन्यार अभिकारक आणि अल्डिहाइड यांच्या साहाय्याने असे थर तयार करण्याचे अनेक मार्ग दाखवले. २००४ पर्यंत आम्लगटयुक्त थरावर डीएनए स्थिर करण्यापर्यंत मजल गेली.

तथापि यंत्रणेचा सर्वांत बोलका पुरावा लोपिन्स्की, वेनर आणि वोल्को यांनी २००० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. हायड्रोजनाच्छादित सिलिकॉन (१००) वर एखाद्या ठिकाणी हायड्रोजन नसेल, तर तेथे लोंबता बंध, म्हणजेच पृष्ठभागावर जखडलेला मूलक, उरतो. स्टायरीनचा रेणू त्याला जोडला जातो आणि अयुग्मित इलेक्ट्रॉन कार्बनवर सरकतो. तो कार्बन शेजारच्या सिलिकॉनवरील हायड्रोजन ओढून घेतो. परिणामी तेथे नवा लोंबता बंध तयार होतो आणि पुढचा रेणू त्यास जोडला जातो. अशा रीतीने द्विअणू-रांगेच्या दिशेने, सुमारे ०.३८ नॅनोमीटर अंतराने, रेणूंची सरळ ओळ आपोआप वाढत जाते. द्रावणातील शृंखला केवळ वेगाच्या समीकरणांतून अनुमानिता येत होती. येथे तिच्या प्रत्येक कडीची खूण स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपखाली दृश्य झाली. स्टायरीनचीच निवड अर्थपूर्ण आहे. त्यापासून बनणारा मध्यस्थ हा बेन्झिल प्रकारचा, म्हणजे अनुस्पंदनाने स्थिरावलेला मूलक असतो. तो पृष्ठभागावरून निसटून जाण्यापूर्वी शेजारचा हायड्रोजन ओढू शकतो. १९८८ मध्ये द्रावणात ज्याच्या जातकुळीचे मापन झाले, त्यानेच २००० मध्ये ही ओळ रेखाटली.

मर्यादा

या विचारसरणीच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा आरंभाच्या पायरीची आहे. शृंखला कशी पुढे सरकते हे मूलक-यंत्रणा समाधानकारकपणे सांगते. ती सुरू कशी होते हे तितकेसे सांगत नाही. स्ट्युअर्ट आणि ब्युरिआक यांनी १९९८ मध्ये सच्छिद्र सिलिकॉनवर श्वेत प्रकाशाने अशीच अभिक्रिया घडवली. २००४ च्या सुमारास वागेनिंगेन विद्यापीठातील संशोधकांना सपाट सिलिकॉनवरही दृश्य प्रकाशात ती साधली. दृश्य प्रकाशात सिलिकॉन-हायड्रोजन बंध थेट तोडण्याइतकी ऊर्जा नसते. त्यामुळे सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन-विवर जोडीची भूमिका मान्य करावी लागते. येथेच रेणूची उपमा अपुरी पडते, कारण सुट्या सिलेनच्या रेणूला अर्धवाहकाचे पट्टे नसतात.

दुसरी मर्यादा सुव्यवस्थेची. (१००) पृष्ठभागावर रांगा असल्याने ओळ सरळ वाढते. (१११) वर तशी दिशा उपलब्ध नसते. चिडसे यांच्या गटासह २००२ मध्ये केलेल्या अभ्यासात तेथे अनियमित बेटे आढळली. तिसरी मर्यादा उपयोजनाची. स्वयंप्रेरित रेणू-ओळींभोवती रेणवीय इलेक्ट्रॉनिकीच्या मोठ्या आशा गुंफल्या गेल्या. परंतु चिपच्या औद्योगिक निर्मितीत आजही प्रकाशशिलामुद्रणच वापरले जाते. या कार्याचे मोल उपयोजनाच्या निकषावर ठरवले तर निष्कर्ष निराशाजनक निघेल. मात्र तो निकषच येथे गौण आहे.

समारोप

वेनर यांच्या कार्यात सामग्री बदलली, उपकरणे बदलली. प्रश्न मात्र एकच राहिला : बंध किती दृढ आहे आणि मूलक पुढे कोणती वाट धरतो? मूलभूत मापनाचे फलित केव्हा व कोठे प्रकट होईल हे मापनाच्या वेळी सांगता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते. साध्या सिलेनवरील १९८७ चे आकडे त्या वेळी सेंद्रिय संश्लेषणापुरते महत्त्वाचे वाटत होते. दशकभरानंतर ते पृष्ठभागाच्या अभ्यासकांस आधारभूत ठरले. महाविद्यालयीन अध्यापनात मुक्त मूलक सेंद्रिय रसायनशास्त्रात आणि पृष्ठभागाचे रसायन भौतिक रसायनशास्त्रात शिकवण्याचा प्रघात आहे. ही विभागणी अध्यापनाच्या सोयीची आहे. निसर्गाला ती बंधनकारक नाही. तत्काळ उपयुक्ततेच्या आग्रहात असे मापन खंडित झाले, तर पुढील पिढीच्या हाती असा सेतू उरणार नाही, हे संशोधनाची दिशा ठरवणाऱ्यांनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.