कलाटणी गेली कुठे?

मराठी कथेचा इतिहास सांगताना एक वाक्य ठरलेलं असतं: नवकथेने कलाटणी मोडीत काढली. फडके-खांडेकरांच्या काळात गोष्टीला सुरुवात असे, गुंतागुंत असे आणि शेवटी उकल असे. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर लिहू लागले आणि घटनेला रजा मिळाली. महाविद्यालयांतल्या नोट्समध्ये हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उतरवलं जात आहे. खोटं ते नाही, पण अर्धंच खरं आहे. मराठीतल्या ज्या कथा आजही वाचल्या जातात त्या एकेक करून पुन्हा उघडल्या, तर कलाटणी बहुतेक ठिकाणी शाबूत सापडते. तिची जागा तेवढी बदललेली असते.

ना. सी. फडक्यांची टिंगल करणं आता फार सोपं झालं आहे. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) मध्ये त्यांनी लेखनाचं तंत्र शिकवता येतं असं मानून ते शिकवलंही. कथा ही घडवायची वस्तू आहे, ती आपोआप होत नाही, हे मराठी लेखकाच्या मनावर ठसवण्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. बिघडलं ते पुढे, अनुकरणात. शेवटी धक्का द्यायचा म्हणून आधीची माहिती दडवून ठेवायची, हा उद्योग मासिकांतून बोकाळला. असा धक्का पात्राच्या आयुष्यातून येत नाही, लेखकाच्या खिशातून निघतो. गंमत अशी की फडक्यांच्या आधी हा हव्यास नव्हता. ‘करमणूक’ १८९० मध्ये सुरू करणाऱ्या हरिभाऊ आपट्यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची कथा कुणालाही चकवायला जात नाही. १९२० च्या दशकात दिवाकर कृष्णांनी तर नवकथेच्या कितीतरी आधी माणसाच्या आतल्या तगमगीला कथेचा विषय केलं होतं.

गाडगिळांचं काम वेगळं होतं आणि ते मोठंच होतं. ‘कडू आणि गोड’ (१९४८) मधल्या कथांनी वाचक भांबावले; गोष्ट कुठे आहे, असा प्रश्न त्यांनी विचारला. चाळीतली माणसं, त्यांच्या मनात तरळणाऱ्या अर्धवट प्रतिमा, क्षुद्र हेवेदावे यांतून एक अवस्था उभी राहायची आणि कथा थांबायची. पण गाडगिळांची ही ताकद त्यांच्या अनुयायांच्या हाती पडल्यावर तिचंही तंत्र झालं. पात्राने खिडकीबाहेर पाहावं, एखादी प्रतिमा यावी आणि कथा विरून जावी, हा शेवट फडके संप्रदायाच्या धक्क्याइतकाच साचेबंद ठरला. ‘सत्यकथे’च्या जुन्या अंकांत असे विरून जाणारे शेवट किती तरी आहेत. त्यांतले फार थोडे लक्षात राहतात.

माडगूळकर नवकथेच्या चौघांत मोजले जातात, पण ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधली ‘धर्मा रामोशी’ पाहावी. म्हाताऱ्या धर्माच्या अंगावर धड कपडा नाही. त्याला एक धोतर दिलं जातं. पुढे तो पुन्हा तसाच उघडावाघडा दिसतो. धोतराचं काय झालं, हे त्याच्या घराशी गेल्यावर कळतं: ते त्याच्या तरण्या मुलीनं नेसलेलं असतं. ही चोख कलाटणीच आहे. फडक्यांच्या वर्गात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. फरक एवढाच, की माडगूळकर तिच्यावर बोट ठेवत नाहीत. हळहळ नाही, भाष्य नाही. सांगणारा दिसलं ते सांगतो आणि गप्प होतो. त्यातही तो गावातल्या पांढरपेशा घरातला आहे आणि धर्माच्या दारिद्र्याचा त्याचा अंदाज चुकलेला आहे. कपडे नसणं म्हणजे काय, हे त्याला त्या दाराशी उभं राहिल्यावरच समजतं.

आणि अण्णाभाऊ साठे? नवकथेच्या चर्चेत त्यांना बराच काळ उंबऱ्याबाहेरच ठेवलं गेलं. ‘स्मशानातील सोनं’ ही त्यांची कथा पाठ्यपुस्तकामुळे अनेकांना ठाऊक आहे, पण तिच्या रचनेकडे क्वचितच कुणी बघतं. वारणेच्या काठावरून पोट भरायला मुंबईच्या उपनगरात आलेला भीमा धिप्पाड गडी आहे. खाणीवरचं काम अचानक बंद होतं. भटकताना मसणवटीतल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते आणि जगण्याची वाट मिळते. तो राख चाळू लागतो, मग मढी उकरू लागतो. एका रात्री ताज्या पुरलेल्या प्रेतासाठी त्याची कोल्ह्यांच्या टोळीशी झुंज होते. त्यांना हुसकावून तो प्रेताच्या तोंडात सोनं शोधतो, आणि त्याची बोटं त्या जबड्यात अडकतात.

या प्रसंगात अण्णाभाऊंनी साधलेला वेग मराठीत दुर्मीळ आहे. अंधार, पहार, कोल्हे, माती, प्रेत यांच्या पलीकडे एकही शब्द ते रेंगाळू देत नाहीत. माणूस आणि जनावर एकाच घासासाठी भांडत आहेत, हे कुणी सांगत नाही. ते हातघाईतच दिसतं. तमाशाच्या फडावर घडलेल्या लेखकाला प्रेक्षकाचा श्वास कधी रोखून धरायचा, हे नेमकं ठाऊक होतं. भीमा सुटतो, पण बोटं कायमची जातात. आणि तेव्हाच बातमी येते, की खाण पुन्हा सुरू होते आहे. पहार धरायला लागणारा हात निकामी झाला, त्याच वेळी काम परत आलं. ओ. हेन्रीच्या वळणाचा हा शेवट. पण ओ. हेन्रीकडे दैव खोडकर असतं. इथे दैवाचा संबंध नाही. खाण मालकाच्या मर्जीने बंद होते, त्याच्याच मर्जीने उघडते. कलाटणीचं जुनंच हत्यार अण्णाभाऊंनी मजुरीच्या अर्थशास्त्रावर चालवलं.

बाबुराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत त्याहून धाडसी गोष्ट केली. रहस्य वाचकाला पहिल्यापासून माहीत. ते लपवायचं आहे इतर पात्रांपासून. त्यामुळे प्रत्येक साधं संभाषण जीवघेणं होतं. जात उघडी पडल्यावर होणारी मारहाण अपेक्षितच असते. कथा वळते ती त्याच्याही पुढे, अगदी शेवटी, जेव्हा मार खाल्लेला निवेदक समोरच्या माणसांना सोडून मनूकडे बोट दाखवतो. बागुलांची भाषा जागोजाग भडक होते, हा आक्षेप खरा आहे. इथे मात्र त्या भडकपणाखालची बांधणी अतिशय थंड डोक्याची आहे.

जी. ए. कुलकर्णींनी वाट उलटी केली. ‘पिंगळावेळ’ (१९७७) मधल्या ‘स्वामी’त एका माणसाला भुयारी मठात कोंडून स्वामीपद दिलं जातं. सगळं मिळतं, बाहेर जाणं तेवढं नाही. उजेड-वारा येण्याच्या एकुलत्या वाटेतून एक वेल वाढू लागते, आणि तो ती वाढू देतो. तिच्या वाढण्यात त्याचा श्वास कोंडणार हे ठाऊक असूनही. इथे शेवट आपल्याला चकवत नाही. तो लांबून चालत येताना दिसतो आणि तरीही टळत नाही. जी. एं.च्या काही रूपककथा तत्त्वचर्चेच्या ओझ्याने वाकतात. ‘विदूषक’मधले संवाद कितीही झळझळीत असले तरी दमवतात. ‘स्वामी’त विचार आणि वेल वेगळे काढता येत नाहीत.

शाळेत मात्र या सगळ्या शेवटांचा एकच उपयोग होतो. ‘कथेतून काय बोध मिळतो?’ असा पाच गुणांचा प्रश्न येतो आणि भीमाच्या बोटांवर ‘लोभ वाईट’ असं उत्तर लिहिलं जातं.

‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडलं. कथेला तेव्हापासून मुख्यतः दिवाळी अंकांचा आधार आहे. तरीही साहित्य अकादमीचे मराठीसाठीचे पुरस्कार २०१२ मध्ये जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’, २०१६ मध्ये आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ आणि २०२१ मध्ये किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ या कथासंग्रहांना मिळाले. कथा संपली अशी हाकाटी करणाऱ्यांनी निदान हे तरी पाहावं. या तिघांत साम्य असं, की कथा लांबली आहे. तिला एका क्षणावर, एका धक्क्यावर भागत नाही. पवारांच्या गिरणगावात माणसांच्या गोष्टी एकमेकींत घुसतात, ऐकीव बातम्या आणि भास यांची सरमिसळ होते. संपामागून गिरणी गेली, मग चाळ, मग भाषा, आणि यांतली कलाटणी नेमकी कोणती म्हणायची, हे पात्रांनाही सांगता येत नाही. अशा कथेत कधी कधी पसारा होतो, पवारांच्याही होतो. पण पन्नास वर्षं ‘आटोपशीर’ हाच गुण मानणाऱ्या समीक्षेकडे हा पसारा मोजायचं माप अजून तयार नाही.