फुली सरळ, चित्र उसनं

लग्नात रुखवत मांडलं की बायका आधी लाडू-करंज्यांची ताटं बघतात आणि मग भरतकामाकडे वळतात. त्यातली एखादी जाणती बाई टेबलक्लॉथचं टोक हळूच उचलते आणि उलटून बघते. मागं गाठी दिसल्या, दोरा एका पाकळीवरून पलीकडच्या पानावर लांब उडी मारून गेलेला दिसला, तर तोंडानं काही म्हणत नाही, पण टोक जरा लवकर खाली सोडते. सातारा-सांगलीकडे भरतकामाची समीक्षा चालते ती एवढीच. ती कडक आहे आणि तिच्यामुळे इथल्या बायकांचा हात विलक्षण साफ राहिला, हेही खरं. पण ती सगळी मागच्या बाजूची. पुढच्या बाजूला काय काढलंय आणि तेच का काढलंय, हे विचारायची रीत पडली नाही.

फुलीचा टाका तसा सगळ्यात सोपा. दुसुतीवर दोन आडवे, दोन उभे धागे मोजायचे, जाताना ओळभर अर्ध्या फुल्या टाकायच्या, येताना त्या पुऱ्या करायच्या. वरचा पाय सगळीकडे एकाच अंगाला झुकला पाहिजे; एक जरी उलटा पडला, तरी उजेडात तेवढाच ठिपका वेगळा चमकतो. अँकर दोऱ्याची लडी आठ मीटरची, तिला सहा पदर. त्यातले दोन किंवा तीन सोडवून सुईत ओवायचे. लाल दोरा आधी भिजवून बघायचा, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढरी दुसुती गुलाबी होते. ओढून टाकलं की कापडाला चुण्या पडतात, सैल सोडलं की फुली लोळते. शिकायला एक दुपार पुरते. नंतर लागतो तो फक्त धीर. हल्ली इंचाला चौदा घरांचं तयार कापड मिळतं. त्यावर दहा इंच लांब-रुंद चित्र पुरतं भरायचं तर १९,६०० फुल्या पडतात. तासाला दीडशे धरल्या तरी एकशेतीस तास झाले.

आणि एवढे तास घालवून भिंतीवर लागतं काय? कौलारू इंग्रजी झोपडी, पुढं गुलाबाची कमान. पाण्यात दोन राजहंस. टोपलीतली मांजराची पिल्लं. गणपती आणि राधाकृष्ण असतात, पण तेही कॅलेंडरवरचेच.

हे नमुने आले कुठून, याचा माग लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये चौकटींच्या कागदावर रंगवलेले नमुने छापून विकायला लागले आणि घरबसल्या मोजून भरायची लाट युरोपभर गेली. फ्रान्समधल्या म्युलहाउसची डीएमसी ही १७४६ सालची कंपनी. दोरा खपावा म्हणून तिनं नमुन्यांची पुस्तकंही काढली. तेरेज द दिलमाँ या बाईंचा सुईकामाचा कोश १८८६ सालचा. मिशनच्या शाळा, मग मुलींच्या शाळांतला शिवणाचा तास, मग शिवणक्लास, अशा वाटेनं ती गुलाबाची टोपली आपल्याकडे पोचली. जुन्या कपाटांतून अजून शिवणाच्या वह्या निघतात. प्रत्येक पानावर वीतभर कापड डकवलेलं, त्यावर साखळी टाका, गाठीचा टाका, काजाचा टाका, खाली शाईनं नाव आणि बाईंची लाल सही. टाके सुरेख. मात्र ज्या फुलावर ते शिकवले, ते फूल कुणाच्या परसात नव्हतं.

याचं नवल वाटतं, कारण चित्राची नजर या भागाला परकी नव्हती. साताऱ्याजवळच्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेलं संग्रहालय बघायला आजही माणसं टेकडी चढून जातात. किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं, त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्करही चित्रकलाच शिकलेले. बाईनं काय वाचावं, कसा विचार करावा, यावर त्या मासिकानं पुष्कळ जोर लावला. बाईनं सुईनं काय काढावं, हा प्रश्न मात्र मराठीत एकूणच कुणी फारसा गांभीर्यानं घेतला नाही. स्वयंपाकाला सांगलीच्या कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ मिळाली आणि घरोघरच्या हाताला चवीची भाषा आली. सुईच्या वाट्याला आली ती टाक्यांची कृती, ‘दोन धागे सोडून तिसऱ्यात’ एवढीच.

खरं तर मोजून भरायची आपली पद्धत शेजारीच होती. जत तालुक्यातल्या कितीतरी घरांत कन्नड बोललं जातं, आणि पलीकडे धारवाडकडे कसुती आहे. तिचे चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. त्यातला मेंथी म्हणजे आपली फुलीच, मेथीच्या दाण्यांसारखी दिसणारी. कापडावर काही छापायचं नाही, गाठ मारायची नाही, धागे मोजत जायचं. गवंती आणि मुरगी तर दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, म्हणजे टोक उचलून बघणारीनं खुशाल बघावं. नमुने कुठले? गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, पाळणा. नवरीच्या काळ्या चंद्रकळेवर हे काम असायचं. सांगलीच्या बाजारात इरकल लुगडी पिढ्यान् पिढ्या विकली गेली, नेसली गेली. पण कसुती लुगड्यावरच राहिली आणि चौकटीत राजहंस बसले.

चित्राचा निर्णय स्वतः घेणारी बाई भेटते ती वाकळ, म्हणजे गोधडी, शिवताना. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ या कोरड्या पट्ट्यात वाकळ ही गरजेची वस्तू. तिला छंद म्हटलं तर शिवणारी हसेल. पोटात विटलेली सुती लुगडी, वर धडपी जोडलेली, कडेनं सुरुवात करून धावदोरा चौकटीत चौकट असा आत-आत जातो. हिरवं धडपं कमी पडलं तर तिथं जांभळं येतं, आणि मग पलीकडच्या कोपऱ्यातही थोडं जांभळं लावलं नाही तर वाकळ एका अंगाला जड दिसते, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. शहरातला चित्रकार याला तोल म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी नेटानं पुस्तक केलं, पण ते इंग्रजीत. आता सुती लुगडी सरत आली. पॉलिस्टरच्या साड्या सुईखालून सरकतात, ऊबही देत नाहीत. रस्त्याकडेला मशीनवर तासाभरात गोधडी शिवून मिळते, आणि ती सरळ रेघांची असते.

दुसरी जिवंत जागा बाळंतविड्याची. कुंची, टोपडं, झबलं, दुपटं. इथं वस्तू वितीएवढी, वेळ बेताचा आणि लेकराचा चेहरा डोळ्यांपुढे. त्यामुळे खणाच्या कुंचीला कुठली झालर लावायची, टोपड्यावर मोर काढायचा की नुसती बुट्टी, हे घरची बाई स्वतःच ठरवते. रुखवतातल्या मोठमोठ्या चौकटींपेक्षा या लहान कामांत मला जास्त कला दिसते.

गंमत म्हणजे चौकटीत विचार करण्याची सवय आपल्याला भरपूर आहे. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे दुसरं काय? पंधरा ते आठ ठिपके मांडून जी बाई दिवाळीत दर दिवशी नवी रांगोळी जुळवते, एक ठिपका चुकला तर पाकळीच बदलून टाकते, तीच बाई दुसुती हातात घेतली की छापील कागदाची एक चौकटही इकडची तिकडे करत नाही. रांगोळी उद्या पुसली जाणार म्हणून धीर होतो, आणि फुली राहणार म्हणून भीती वाटते, एवढंच मला त्याचं कारण सुचतं.

आजचं चित्र अगदीच वाईट नाही. सांगलीच्या हरभट रोडला किंवा साताऱ्याच्या खणआळीत गेलं तर दोऱ्यांच्या लड्या मिळतात. क्रोशाची सुई तर नव्यानं चालायला लागली आहे. कॉलेजातल्या मुली फोनवर बघून सूर्यफुलं, चाव्यांना लावायची कासवं, पिशव्या विणतात. आजीच्या क्रोशात आणि त्यांच्यात एक फरक चांगला आहे: त्या उसवायला घाबरत नाहीत. वाईट आहे ते तयार पाकीट. कापडावर रंगीत फुल्या आधीच छापलेल्या, दोरे तेवढेच मोजून दिलेले. त्यात मोजणंही गेलं, उरली ती केवळ भरती.

दुसरी अडचण आपण आपल्या हातानं केली. छंद म्हटला की लगेच ‘यातून चार पैसे मिळतील का?’ बचत गटाचा स्टॉल, प्रदर्शन, ऑर्डरी. एकशेतीस तासांच्या कामाची रोजगाराच्या दरानं किंमत लावली तर गिऱ्हाईक पुढं जातं, आणि कमी लावली तर बाईच स्वतःला फसवते. फुलीचा टाका विकून संसार चालत नाही, हे एकदा मान्य केलं तर उलट मोकळीक मिळते. गिऱ्हाईकच नसेल, तर राजहंस कुणासाठी काढायचे?

राजहंसांऐवजी आपलंच काही काढायचं म्हटलं, तर फोटोवरून नमुना करून देणारी ॲपही आली आहेत. अजिंक्यतारा किल्ल्याचा फोटो घातला की ॲप चाळीस छटांची यादी देतं. लड्या आणायला गेलं तर निम्म्या मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी भरून झालेला डोंगर लांबून चिखलासारखा दिसतो. साताऱ्यात ज्या गच्चीवर वाळवणं पडतात, तिथून तोच डोंगर संध्याकाळी बघावा. सपाट माथ्याची एक काळी कड, वर दूरदर्शनचा मनोरा, मागं फिकट आभाळ. त्याला तीन लड्या लागतात, आणि मनोऱ्यासाठी फुलीसुद्धा नको, एकेरी उभा टाका पुरतो.