शब्दार्थाच्या यादीपलीकडे : ‘शाळा’ आणि कुमार वाचकाची शब्दप्राप्ती

कुमार वाङ्मयाची उपयुक्तता सांगताना मराठी समीक्षेत संस्कार, रंजन आणि शब्दसंपत्ती अशी त्रयी वारंवार मांडली जाते. पैकी संस्कार आणि रंजन यांची चिकित्सा पुष्कळ झाली. शब्दसंपत्तीची वाढ मात्र गृहीत धरली गेली. शब्दाला संपत्ती म्हटले की वाचन ही संचयाची क्रिया ठरते आणि पाठाखालील शब्दार्थांची यादी ही त्या संचयाची खातेवही बनते. कादंबरीतून शब्द वाचकापर्यंत ज्या रीतीने पोहोचतो, ती रीत या रूपकात मावते काय, हा खरा प्रश्न आहे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही कादंबरी त्याच्या विचारासाठी विशेष उपयुक्त ठरते.

‘शाळा’ ही रूढ अर्थाने कुमार कादंबरी नव्हे. ती कुमारांविषयी आहे. कुमारांसाठी म्हणून ती लिहिलेली नाही. हा भेद भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुमारांसमोर उभा राहतो तेव्हा लेखकाने वाचकाचे वय आधीच हिशेबात घेतलेले असते. त्याचा ‘ट्टॉक’ हा उद्गारदेखील पुनरावृत्तीतून, प्रसंगाच्या आधाराने, वाचकाच्या ओठी बसतो. ‘शाळा’त असे वाचकसापेक्ष शब्दनियंत्रण नाही. तिचा निवेदक नववीत शिकणारा जोशी आपल्या वर्गाच्या भाषेत बोलतो आणि ती भाषा कोणासही समजावून देत नाही.

ही कादंबरी आज ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथील कुमाराच्या हाती पडली तर काय घडते? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये स्थापन झाले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले. ग्रंथव्यवहाराची अशी परंपरा असलेल्या या पट्ट्यातही घरी मराठी बोलणारा पण इंग्रजी माध्यमात शिकणारा कुमार आता अपवाद राहिलेला नाही. २०२० च्या अधिनियमाने राज्यातील शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला. तथापि विषय म्हणून शिकलेली मराठी आणि शाळेत जगलेली मराठी यांत अंतर उरतेच.

या वाचकाला अडवणारे शब्द कोणते, हे पाहिले की पहिला धक्का बसतो. संस्कृतप्रचुर शब्दांपेक्षा मराठी माध्यमाच्या शाळेचा नित्याचा व्यवहारच त्याला अपरिचित असतो. तुकडी, तास, मधली सुट्टी, सहामाही या शब्दांमागील वस्तू त्याला पूर्ण ठाऊक असतात. त्याच्या तोंडी मात्र डिव्हिजन, पीरियड, रिसेस असतात. शब्दार्थांच्या यादीत या शब्दांना स्थान नसते, कारण यादी करणाऱ्याला ते कठीण वाटतच नाहीत. भाषेतून प्रथम निसटते ते अवघडच असते, या समजाला येथे छेद जातो. ज्यांचा अर्थ सांगावा लागेल अशी कोणाला कल्पनाही नसते, असे शब्दच सर्वांत आधी हरवतात.

दुसरा वर्ग याच्या उलट आहे. ‘लाइन’ हा शब्द या वाचकाला इंग्रजीतून माहीत असतो आणि लोकलच्या पट्ट्यात राहणाऱ्यास तो रोजच कानी पडतो. जोशी आणि त्याचे मित्र तो ज्या अर्थाने वापरतात तो अर्थ मात्र इंग्रजी कोशात सापडणार नाही. मुलीने दिलेल्या वा न दिलेल्या प्रतिसादाची अवघी मोजदाद त्या एका शब्दात होते. तो कोण कोणापाशी उच्चारू शकतो, कोणापाशी नाही, हे कळल्यावाचून त्याचा अर्थ कळला असे म्हणता येत नाही. कादंबरीचे शीर्षकही याच जातीचे आहे : शाळा ही संस्था असते आणि बोलीत एखाद्याची ‘शाळा केली’ही जाते.

तिसरा वर्ग इतिहासाचा. कथानकाचा काळ २५ जून १९७५ रोजी जारी झालेल्या आणीबाणीचा आहे. येथे शब्द आणि त्यामागील अनुभव दोन्ही वाचकाला नवे असतात. स्वतः निवेदकालाही या मोठ्यांच्या शब्दांचा अर्थ अर्धवटच उमगलेला असतो. म्हणून वाचकाचे अज्ञान त्याला कथेबाहेर ढकलत नाही. ते त्याला निवेदकाच्या शेजारी आणून बसवते.

वाचनातून होणाऱ्या शब्दप्राप्तीवर पाश्चात्त्य संशोधनात बरेच काम झाले आहे. सारागी, नेशन आणि माइस्टर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचकांना अँथनी बर्जेस यांची ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ ही कादंबरी शब्दसूचीविना वाचावयास दिली. तिचा कुमारवयीन निवेदक रशियन धाटणीच्या परक्या शब्दांत बोलतो. शब्दांची परीक्षा होणार, याची वाचकांना कल्पना नव्हती. तरीही विचारलेल्या ९० शब्दांपैकी सरासरी ७६ टक्के त्यांनी ओळखले. उलट स्वानबोर्न व डी ग्लॉपर यांच्या १९९९ च्या संकलित विश्लेषणानुसार सामान्य वाचनात भेटलेल्या अपरिचित शब्दांपैकी सुमारे १५ टक्केच आत्मसात होतात. हे प्रयोग एकाच मापाने मोजता येणारे नाहीत. पहिल्यात प्रौढ वाचक मातृभाषेतील अखंड कादंबरी वाचत होते आणि पर्यायांतून अर्थ निवडत होते. तरीही तफावतीचे एक कारण विचारार्ह आहे : बर्जेसचे शब्द पुनःपुन्हा, वेगवेगळ्या प्रसंगांत भेटतात. पाठ्यपुस्तकातील उताऱ्याला हा अवकाश नसतो. कादंबरीला तो तिच्या विस्तारामुळेच लाभतो. उताऱ्यात शब्द एकदा दिसतो, कादंबरीत तो राहावयास येतो.

मात्र अर्थ ओळखता येणे म्हणजे शब्द आपला होणे नव्हे. बर्जेसच्या वाचकाने परक्या शब्दाच्या जागी परिचित शब्द ठेवला की परीक्षेपुरते काम भागते. ‘तुकडी’च्या जागी ‘डिव्हिजन’ ठेवणाऱ्या डोंबिवलीच्या वाचकाचे काम असे भागत नाही. त्या शब्दाभोवतीचा बाकांचा, टोपणनावांचा, शिक्षकांविषयीच्या धास्तीचा परिसर त्या अदलाबदलीत गळून पडतो. बाख्तीनने कादंबरीच्या संदर्भात मांडलेला विचार येथे लागू पडतो : शब्द इतरांच्या तोंडून, त्यांच्या हेतूंनी भारलेला येतो. तो घेणाऱ्याला त्यांच्याशी नाते जोडावे लागते.

‘शाळा’चा नायक याच अडचणीत आहे. शिरोडकरविषयी त्याला जे वाटते त्यासाठी मित्रांचा शब्द उथळ पडतो आणि पुस्तकातला शब्द जड होतो. दोन्ही शब्द त्याला येतात. नेमक्या या अनुभवाला पुरणारा शब्द त्याच्यापाशी नसतो. पौगंडावस्थेची कादंबरी ही मुळात अशा शब्दशोधाचीच कथा असते. त्यामुळे तिच्यातून वाचकाचे किती शब्द वाढले, ही मोजणी दुय्यम ठरते. ज्याला आपल्या रोजच्या शाळेसाठीसुद्धा मराठी शब्द सापडत नाही, त्या कुमाराला स्वतःच्या भाषेत शब्द शोधणारा एक सोबती येथे भेटतो. शब्दार्थांची यादी हे काम करू शकत नाही. म्हणून कुमार वाचकाच्या हाती उताऱ्याऐवजी अखंड कादंबरी देण्याचा प्रश्न अध्यापनाचा आहे, तितकाच समीक्षेचाही आहे.