पटावर न काढलेला साप

व्हिडिओ गेम हा विषय आपल्या नियतकालिकांत आलाच, तर तो बहुधा उपदेशाच्या निमित्ताने येतो. मुले अभ्यास सोडून खेळतात, डोळे बिघडतात, स्वभाव चिडका होतो, ही आपली नेहमीची तक्रार. ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील इमारतींतून ज्या खेळांनी तीन दशके मुलांच्या संध्याकाळी व्यापल्या, त्यांची एक रचना म्हणून परीक्षा करण्याचे कष्ट आपण फारसे घेतलेले नाहीत. कादंबरीचे कथानक कोठे ढासळले, नाटकाचा दुसरा अंक का रेंगाळला, हे आपण चवीने सांगतो. मग एखाद्या उत्तम खेळाचे नेमके कोठे बिघडले, हे का सांगू नये? वाईट खेळांचा विचार येथे कर्तव्य नाही; ते मुले स्वतःच दोन दिवसांत टाकून देतात. चांगला खेळ मात्र सोडवत नाही, आणि म्हणून त्यातला दोष सोसावा लागतो.

आधी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. खेळ कठीण असणे हा दोष नव्हे. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट, म्हणजे आपल्या सापशिडीचा पूर्वज, घ्या. त्यातील साप निर्दय असतात. शेवटच्या घराशी पोहोचलेल्यालाही ते खाली आणून सोडतात. तरीही पट फसवा आहे अशी तक्रार कोणी करीत नाही, कारण प्रत्येक साप पटावर काढलेला असतो. तोंड कोठे आणि शेपूट कोठे, हे फासा टाकण्यापूर्वीच सर्वांना दिसते. तेथे तर सारे फाशाच्या स्वाधीन. व्हिडिओ गेममध्ये खेळाडूचे डोळे, हात आणि बुद्धी पणाला लागलेली असते. तेव्हा साप दिसावा ही अपेक्षा येथे अधिकच रास्त ठरते. न काढलेल्या सापाने खेळाडूला गिळले, तर तो रचनेचा दोष समजावा, ही आमची कसोटी.

या कसोटीवर आपल्या भागातील मुलांचा पहिला लाडका खेळ तपासून पाहू. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानमध्ये १९८५ साली निघाला आणि नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडण्याच्या स्वस्त नकली यंत्रांवर आपल्या घरांत आला. त्याची थोरवी वादातीत आहे. मारिओ किती धावला की किती उंच उडेल, याचे गणित इतके नेमके आहे की पाच वर्षांचे मूल ते कोणी न शिकविता आत्मसात करते. परंतु चौथ्या आणि सातव्या जगाच्या शेवटच्या किल्ल्यांत चक्रव्यूह आहेत. तेथे चुकीची वाट धरली की तोच भाग पुन्हा पुन्हा समोर येतो आणि इकडे घड्याळ संपत जाते. वाट चुकल्याची कसलीही खूण त्या खेळाने ठेवलेली नाही. आपण चुकलो, की किल्लाच एवढा लांब आहे, हेही मुलाला उमगत नाही. पुढे १९९३ साली ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या संचात हाच खेळ नव्याने निघाला, तेव्हा योग्य वाटेला एक ध्वनी आणि चुकीच्या वाटेला दुसरा ध्वनी देण्यात आला. चक्रव्यूह तसाच राहिला, काठिण्यही राहिले. गेला तो अन्याय.

मूळ मारिओत आणखी एक उणीव होती. बत्तीस टप्प्यांच्या त्या खेळात कोठवर पोहोचलो याची नोंद ठेवण्याची सोय नव्हती. सातव्या जगात पोहोचलेल्या मुलाच्या घरची वीज गेली, की पुन्हा पहिल्या जगापासून आरंभ. कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांना याचा अर्थ विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. तथापि अशा उणिवांत यंत्राच्या मर्यादांचा वाटा असतो आणि समीक्षकाने तो मान्य केला पाहिजे. १९८० च्या ‘पॅक-मॅन’मध्ये टप्पे मोजणारा आकडा ज्या जागेत साठविला जाई, तिच्यात शून्यापासून २५५ पर्यंतच संख्या मावत. परिणामी २५६ व्या टप्प्यावर अर्ध्या पडद्यावर अक्षरांचा व आकृत्यांचा गोंधळ माजतो आणि तो टप्पा पार करता येत नाही. इतक्या दूर कोणी येईल असे कर्त्यांना वाटले नसावे. हा दोष खरा, पण तो निष्पाप आहे. त्यात खेळाडूची उपेक्षा नाही, त्याच्या चिकाटीचा अंदाज मात्र चुकला आहे.

उपेक्षा म्हणजे काय, हे पाहायचे तर सायबर कॅफेच्या दिवसांकडे वळावे लागेल. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी’ हा खेळ २००२ साली आला, संगणकावर तो २००३ मध्ये उतरला आणि पुढची काही वर्षे स्टेशनाजवळच्या कॅफेंतून तो अखंड चालू असे. त्यातील गुन्हेगारी जगाविषयी पालकांना जे वाटते तेच आम्हांला वाटते. पण एक जिवंत शहर पडद्यावर उभे करण्याचे त्याचे कसब नाकारता येणार नाही. या खेळात एक कामगिरी अशी आहे, की दूरनियंत्रणाने चालणाऱ्या चिमुकल्या हेलिकॉप्टरने चार बॉम्ब एकेक करून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत नेऊन ठेवायचे, तेही ठरलेल्या वेळात. तोवर खेळाडूने मोटारी आणि मोटारसायकली चालविण्याचा सराव केलेला असतो. येथे अचानक त्याच्या हाती नवे वाहन आणि नवी बटणे येतात. सरावाला अवसर नाही, आणि चुकले की सारे पुन्हा पहिल्यापासून. मध्ये कोठे विसावा घ्यावा, झाले तेवढे राखून ठेवावे, अशी सोयच नाही.

घरी संगणक असलेल्याला हा उपद्रव दहा वेळा सोसता येईल. पण तासाचे पैसे मोजून बसलेल्या मुलाचे काय? त्याचा तास एका हेलिकॉप्टरने खाल्ला. शिवाय दुसऱ्या दिवशी तेच यंत्र मिळेल आणि त्यावरील त्याची नोंद कोणी पुसलेली नसेल, याची शाश्वती नाही. खेळाचे रचनाकार स्वतःच्या परिस्थितीत बसून रचना करतात. तिचा दंड भरणारा खेळाडू मात्र वेगळ्याच परिस्थितीत असतो. रचनेतील दोष सर्वांना सारखाच छळत नाही. ज्याच्यापाशी वेळ आणि पैसा कमी, त्याला तो अधिक छळतो. ही गोष्ट खेळांच्या परीक्षणांत क्वचितच वाचावयास मिळते.

येथेच मुलांच्या रागाचा प्रश्न येतो. हातातला रिमोट आपटणाऱ्या मुलाला आपण संयमाचा उपदेश करतो, आणि तो करावाही. परंतु सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात एक साधा नियम शिकविला जातो: जे जाणून घेणे माणसाला शक्यच नव्हते, त्याचे पाप त्याच्या माथी मारता येत नाही. हा नियम मुलांच्या खेळालाही लावून पाहावा. हरलेल्या मुलाला आपली चूक दिसली, तर तो पुन्हा प्रयत्न करतो आणि त्या प्रयत्नातून काही शिकतो. चूक दिसतच नसेल, तर तो दोनच गोष्टी शिकतो: आपल्याला काही जमत नाही, किंवा जगात न्याय नाही. दोन्ही धडे कोवळ्या वयात घातक आहेत.

दोष मान्य करून दुरुस्त करणारे कर्तेही आहेत. ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’ हा १९९८ चा खेळ अनेक जाणकार सर्वश्रेष्ठ खेळांत गणतात. त्यातील जलमंदिरात तळाशी जाण्यासाठी लोखंडी बूट घालावे लागत आणि वर येण्यासाठी काढावे लागत. प्रत्येक वेळी खेळ थांबवून, यादी उघडून, बूट निवडावे लागत. कोडे सुंदर होते, पण बुटांनी जीव नकोसा केला. या मंदिरांच्या रचनेची जबाबदारी असलेल्या एजी आओनुमा यांनी त्याबद्दल पुढे जाहीरपणे खंत व्यक्त केली, आणि २०११ च्या नव्या आवृत्तीत बूट एका बटणासरशी घालता-काढता येऊ लागले.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पुण्याचे आहे. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या गटात त्याला नामांकन मिळाले. सर्कशीत कसरती करणारी राजी असुरांनी पळविलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते; दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. राजस्थानी वळणाचे किल्ले, कळसूत्री बाहुल्यांच्या छायाखेळासारखी निवेदने, भारतीय वाद्यांचा साज, हे सारे पाहताना इतकी वर्षे परक्या नगरांतून फिरणाऱ्या आपल्या मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. आणि तरीही पहिल्या आवृत्तीत दोष होते. दृश्याचा कोन खेळाडूला फिरविता येत नाही. त्यामुळे कड्याची कड किती दूर आहे याचा अंदाज चुकतो आणि राजी दरीत कोसळते. लढाईत वार कधी लागला आणि कधी हुकला हे स्वच्छ कळत नाही. शेवटी तर कथा पुरी होण्याआधीच खेळ आटोपतो. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवाद आले आणि लढाईतही दुरुस्ती झाली. आपल्या माणसांची कृती म्हणून दोषांवर पांघरूण घालणे हा तिचा गौरव नव्हे. ‘राजी’ची परीक्षा मारिओच्या तराजूत करावी, इतक्या योग्यतेची ती आहे.

आता आजच्या काळाकडे येऊ. डोंबिवलीहून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा सुमारे ४८ किलोमीटरचा प्रवास पुष्कळ प्रवासी हातातल्या मोबाइलवर खेळत करतात. नवी मुंबईतील ‘गेमशन’ कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ साली आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोहोचला. दुरावलेल्या नातलगांना त्याने एका पटाभोवती बसविले, हे त्याचे मोठे श्रेय. परंतु घरच्या लुडोत फासा डोळ्यांदेखत पडे. येथे तो पडद्याआड ठरतो. हवे तेव्हा सहा पडत नाहीत, म्हणून खेळाडू संशय घेतात. संशय निराधार असेलही, पण तो फेडण्याचे साधन खेळाडूपाशी नाही.

याहून वेगळी जात ‘कँडी क्रश सागा’सारख्या खेळांची. २०१२ चा हा खेळ आखणीत चोख आहे. त्यात पाच जीव असतात. ते संपले की एक जीव भरून येण्यास अर्धा तास लागतो. वाट पाहायची नसेल तर पैसे मोजा. येथे खोळंबा चुकून राहिलेला नाही. तो मुद्दाम बांधलेला आहे. पॅक-मॅनच्या कर्त्यांना खेळाडूच्या चिकाटीचा अंदाज आला नाही. येथे त्याच्या अधीरतेचा अंदाज नेमका घेतलेला आहे. रचनेतील त्रास हाच जेथे विकावयाचा माल होतो, तेथे ‘दोष’ हा शब्दही सौम्य ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. जुगार कायद्याच्या कक्षेत आला, हे बरे झाले. अधीरतेचा हा व्यापार मात्र त्या कक्षेबाहेरच आहे. त्याला आळा घालायचा तो जाणत्या खेळाडूनेच.

आणि खेळाडू जाणता होतो तो समीक्षेने. पालकांनी ‘किती वेळ खेळलास?’ हे अवश्य विचारावे, पण त्याबरोबर ‘का हरलास?’ हेही विचारावे. ‘मी उडी उशिरा मारली’ असे मूल म्हणाले, तर खेळ चांगला आणि मूलही शिकते आहे. ‘ते दिसतच नव्हते’ असे म्हणाले, तर पडदा स्वतः पाहावा. कदाचित मुलाचेच बरोबर असेल. आणि ‘पैसे दिले असते तर हरलो नसतो’ असे उत्तर आले, तर त्या दिवशी मुलाला न रागावता त्याच्याशेजारी थोडा वेळ बसावे.