आद्याक्षरी संक्षेप आणि अन्त्य अकार

इंग्रजीत आद्याक्षरांपासून बनलेल्या संक्षेपांचे दोन वर्ग कल्पिले जातात. 1949 साली स्थापन झालेल्या ‘नाटो’सारखा जो संक्षेप अखंड शब्द म्हणून वाचला जातो, तो ‘अ‍ॅक्रोनिम’. ‘बीबीसी’सारखा ज्यातील प्रत्येक वर्णाचे नाव सुटे उच्चारले जाते, तो ‘इनिशियलिझम’. हे वर्गीकरण मराठीस जसेच्या तसे लावावयाचे काय, याचा विचार होणे अवश्य आहे.

रोमन लिपीत वर्णाचे नाव आणि त्याचा ध्वनी ही भिन्न असतात. म्हणून तेथे नावे घ्यावीत की ध्वनी जोडावेत, असा प्रश्न संभवतो. देवनागरीत अक्षराचे नाव हाच त्याचा ध्वनी होय. शिवाय असे प्रत्येक अक्षर सस्वर असते. गजानन दिगंबर माडगूळकर (1919–1977) यांची आद्याक्षरे सुटी उच्चारली काय, अथवा ‘गदिमा’ असे जोडून म्हटले काय, कानाला फारसा भेद जाणवत नाही. इंग्रजीची कसोटी येथे निरुपयोगी ठरते.

म्हणून हा भेद मराठीत नाहीच, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. मराठीत शब्दान्तीचा अकार उच्चारात बहुधा लोपतो. अक्षराचे नाव घेताना तो लोपत नाही. 1980 साली स्थापन झालेल्या पक्षाच्या ‘भाजप’ या नावातील ‘प’ बोलताना हलन्त होतो. म्हणजे संक्षेपाचा शब्द झाला. उलट पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (1919–2000) यांच्या ‘पु. ल.’मधील ‘ल’ पूर्ण उच्चारला जातो. ‘पंत’ याचे ‘पंतांचे’ होते, त्या न्यायाने ‘पुलांचे’ व्हावयास हवे होते. रूढ झाले ते ‘पुलंचे’. अक्षराचे अक्षरपण येथे विभक्तीपुढेही टिकले आहे.

तथापि उच्चाराने शब्द झालेला संक्षेप व्याकरणानेही पूर्ण शब्द होतोच, असे नाही. ‘पक्ष’ याचे ‘पक्षाचा’ होते, तसे सामान्यरूप ‘भाजपचा’ या रूपात दिसत नाही. उलटपक्षी ‘एसटी’ हा संक्षेप इंग्रजी वर्णनामांचाच. तरी ‘एसटी आली’, ‘एसटीत बसला’ असे म्हणताना मराठी माणसाने त्यास ‘गाडी’चे स्त्रीलिंग देऊन आपल्या नामांत बसविले आहे.

सारांश, मराठीत उच्चार आणि रूपसिद्धी या दोन कसोट्या स्वतंत्रपणे लावावयास हव्यात. परभाषेतील वर्गनामे उसनी घेतल्याने हा विचार टळतो, सुटत नाही.